समुद्रपूर परिसरातील शाळा : एक ऐतिहासिक तुलना

जून महिना सरत आला, पहिल्या पावसाने जमीन भिजली, की समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावी दोन चिंता एकाच वेळी घराघरांत शिरतात. एक पेरणीची आणि दुसरी मुलांच्या शाळेची. पेरणीच्या बाबतीत शेतकरी बियाणे, जमीन आणि पाऊस या तिन्हींचा विचार करतो. शाळेच्या बाबतीत मात्र तुलना बहुधा गणवेश, शाळेची बस आणि दहावीच्या निकालाची टक्केवारी यांपाशीच थांबते. जिल्हा परिषदेची शाळा, संस्थेचे अनुदानित विद्यालय आणि इंग्रजी माध्यमाचे 'कॉन्व्हेंट' हे तीन पर्याय पालकांसमोर उभे असतात आणि बाजारातील तीन मालांप्रमाणे त्यांची पारख होते. वस्तुतः या तीन शाळा एकाच वेळी, एकाच हेतूने निघालेल्या नाहीत. प्रत्येकीमागे वेगळा काळ आणि वेगळा विचार आहे. प्रत्येकीचा खर्च सोसणाराही वेगळा आहे. त्यांची न्याय्य तुलना करावयाची असेल, तर त्या कोणी, कोणासाठी आणि कोणाच्या पैशातून उभ्या केल्या, हे प्रथम पाहिले पाहिजे.

समुद्रपूर हे वर्धा जिल्ह्याच्या पूर्व भागातील, हिंगणघाटच्या ईशान्येस वसलेले गाव. पूर्वी ते हिंगणघाट तहसिलीत मोडत असे; पुढे ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले आणि आता तेथे नगरपंचायत आहे. तालुक्यात गिरड येथे ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा असून तेथे सर्व धर्मांचे भाविक येतात. याच तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाकी सारा मुलूख कापूस, तूर आणि सोयाबीनचा आहे. असा शेतीवर जगणारा परिसर डोळ्यांसमोर ठेवूनच येथील शिक्षणाचा विचार करावा लागतो.

मालगुजारीचा काळ

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ साली मध्य प्रांताची निर्मिती झाली. पुढील वर्षी, १८६२ मध्ये, नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा जिल्हा स्थापन करण्यात आला. या प्रांतातील जमीनव्यवस्था मालगुजारीची होती. गावचा सारा गोळा करून सरकारात भरण्याची जबाबदारी मालगुजाराकडे असे. जमीन महसुलाबरोबर शाळांसाठी वेगळा उपकर घेतला जाई. अर्थात खेड्यातील शाळेचा पहिला पैसा शेतकऱ्याच्या घामातूनच आला, ही गोष्ट विसरता येत नाही.

१८८३ च्या कायद्याने मध्य प्रांतात जिल्हा कौन्सिले आणि तहसिलीची लोकल बोर्डे आली व खेड्यांतील प्राथमिक शाळांची देखभाल हळूहळू त्यांच्याकडे गेली. या शाळांना काहीशी संकोची शाळा म्हणावे लागेल. गावात कोणाच्या मुलांनी शिकावयाचे हे परंपरेनेच ठरलेले होते. व्यापारी, वतनदार आणि लिहित्या-वाचत्या घरांतील मुले शाळेत बसत. मुलींची संख्या नगण्य असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील मुलांना अनेक ठिकाणी बाहेर किंवा वेगळे बसावे लागे. १९२० साली मध्य प्रांतात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि स्थानिक संस्थांना आपल्या हद्दीत सक्ती लागू करण्याचा अधिकार मिळाला. मात्र अधिकार मिळणे आणि पैसा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सक्ती लागू करावयाची तर शाळा हवी, शिक्षक हवा आणि मुलाच्या मजुरीवाचून घर चालले पाहिजे. यांपैकी कशाचीच तजवीज खेड्यात पुरेशी नव्हती.

या काळात चौथी झालेल्या मुलास पुढे शिकावयाचे असेल तर हिंगणघाट, वर्धा किंवा नागपूर गाठावे लागे. तेथे नातेवाईक असेल किंवा वसतिगृहाचा खर्च झेपत असेल, त्याचेच शिक्षण पुढे चाले. तेव्हा खेड्यात शाळांची तुलना करण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. शाळा आहे की नाही, एवढाच प्रश्न होता.

रौप्यमहोत्सवातून निघालेली योजना

याच वर्धा जिल्ह्याने पुढे साऱ्या देशाच्या शिक्षणविचाराला नवे वळण दिले. १९३७ साली वर्धा येथील मारवाडी विद्यालयाचा, म्हणजेच पुढील नवभारत विद्यालयाचा, रौप्यमहोत्सव होता. केवळ समारंभ करून तो साजरा करण्याऐवजी त्यानिमित्त देशातील शिक्षणतज्ज्ञांची परिषद भरविण्यात आली. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ या दोन दिवसांच्या परिषदेचे अध्यक्षस्थान महात्मा गांधींनी भूषविले. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम, हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम आणि त्या उद्योगातून हळूहळू शिक्षकाचे वेतन निघावे ही अपेक्षा, असे चार ठराव परिषदेने केले. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासक्रम समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, जे. सी. कुमारप्पा अशी मंडळी तीत होती. फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना स्वीकारली आणि 'वर्धा शिक्षण योजना' किंवा 'नई तालीम' या नावाने ती देशभर पोहोचली. समितीचे अध्यक्ष झाकिर हुसेन पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले.

त्याच सुमारास मध्य प्रांतात पं. रविशंकर शुक्ल यांनी 'विद्यामंदिर' योजना पुढे आणली. गावाने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, असा तिचा आशय होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी १९३८ साली वर्धा येथेच विद्यामंदिर प्रशिक्षण शाळा सुरू झाली. ही योजना नावावरून वादात सापडली आणि १९३९ साली प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिल्यावर मंदावली. नई तालीमही स्वातंत्र्यानंतर बव्हंशी कागदावर राहिली. सूत कातून शिक्षकाचे वेतन निघणे अवघड होते, आणि ज्यांच्या पिढ्या हाताच्या कामात गेल्या त्या पालकांना मुलाच्या हाती पुन्हा टकळीच दिलेली पाहवेना. त्यांना अक्षर हवे होते, नोकरी हवी होती. हा आक्षेप उथळ नव्हता.

तरीसुद्धा या प्रयोगातील एक विचार टिकून राहिला. गावची शाळा गावातील प्रत्येक मुलासाठी असावी आणि ती मुलाच्या भाषेत बोलावी, हा तो विचार होय. सेवाग्राम येथील 'आनंद निकेतन' ही शाळा २००५ साली पुन्हा सुरू झाली, ती याच विचाराची साक्ष आहे.

जनपद सभेपासून जिल्हा परिषदेपर्यंत

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रांत व वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा अस्तित्वात आल्या. तहसिलीच्या पातळीवर लोकनियुक्त संस्थेकडे शाळा, दवाखाने आणि रस्ते सोपविण्याचा हा प्रयोग होता. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आली आणि गावच्या शाळेवरील मालगुजाराची छाया नाहीशी झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. विदर्भात आणि मराठवाड्यात काही माध्यमिक शाळाही जिल्हा परिषदांकडे राहिल्या, हे या भागाचे वैशिष्ट्य होय.

आज 'झेडपीची शाळा' हा शब्द काहीशा उपेक्षेने उच्चारला जातो. म्हणून तिने काय साधले याची नोंद अगत्याने केली पाहिजे. २०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८७ टक्के आहे. एका शतकापूर्वी ज्या प्रदेशात अक्षरओळख ही मोजक्या घरांची मिरासदारी होती, तेथे हे घडले. ज्या घरात पूर्वी कोणी पाटी धरली नव्हती, त्या घरातील मुलगी प्रथम शाळेत आली ती याच शाळेत. १९८७ पासूनच्या 'खडू-फळा' मोहिमेने किमान दोन खोल्या व दोन शिक्षक ही अट घालून दिली. १९९५ पासून विद्यार्थ्यांना तांदूळ मिळू लागला. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर त्याचे रूपांतर शिजविलेल्या मध्यान्ह भोजनात झाले. २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी हा विषय आला. १ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि एक किलोमीटरच्या आत प्राथमिक, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक शाळा हा मुलाचा हक्क ठरला.

या शाळेचे दोषही लपविण्याजोगे नाहीत. दोन शिक्षकांनी चार-पाच वर्ग सांभाळावयाचे, त्यात जनगणना, निवडणूक आणि निरनिराळ्या माहितीचे तक्ते भरावयाचे, अशी तेथील अवस्था असते. शिक्षक गावात राहण्याची प्रथा बहुतांशी संपली. पूर्वी गुरुजींचे बिऱ्हाड गावातच असे. कोणाचे मूल शाळेत आले नाही हे त्यांना सायंकाळी पारावर कळत असे. तो धागा तुटल्याने शाळा आणि गाव यांच्यात अंतर पडले.

संस्थेचे विद्यालय

दुसरा प्रकार खाजगी अनुदानित विद्यालयांचा. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात यास तोड नाही. शासनाने प्राथमिक शिक्षण स्थानिक संस्थांकडे दिले आणि माध्यमिक शिक्षणाचा भार मुख्यतः लोकांनी काढलेल्या संस्थांवर टाकला. इमारत, मैदान आणि व्यवस्थापन संस्थेचे, शिक्षकांचे वेतन शासनाचे, अशी ही वाटणी होती. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या खेड्यांत विद्यालये निघाली ती याच व्यवस्थेमुळे. चौथी किंवा सातवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि तेथून दहावीपर्यंत संस्थेचे विद्यालय, असा जणू एक अलिखित करारच होता. १९७५ साली जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची परीक्षा आली आणि या विद्यालयांचे महत्त्व अधिकच वाढले.

या विद्यालयाने खेड्यातील मुलाचा हिंगणघाट-वर्ध्याचा रस्ता जवळ आणला. घरी राहून, शेतीच्या कामात हात लावून त्यास मॅट्रिक होता येऊ लागले. मुलींच्या बाबतीत तर हा बदल निर्णायक ठरला. परगावी वसतिगृहात मुलगी ठेवण्यास जे घर तयार नव्हते, ते एस. टी. ने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्या मुलीस शिकू देण्यास तयार झाले.

२००१ साली शासनाने 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर शाळांना मान्यता देण्याचे धोरण आणले. २००९ मध्ये त्यातील 'कायम' हा शब्द वगळला गेला; पण मधल्या काळात अनेक शिक्षकांना अत्यल्प वेतनावर वर्षानुवर्षे राबावे लागले. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी, सहावी ते आठवी अशी नवी विभागणी केली तेव्हा जुना अलिखित करारही मोडला. जिल्हा परिषदेच्या शाळेस पाचवी व आठवीचा वर्ग जोडला की विद्यालयाची पटसंख्या घटते. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो. जे दोघे एकमेकांस पूरक होते ते प्रतिस्पर्धी झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यार्थी मिळविण्यासाठी शिक्षकांना गावोगाव फिरावे लागते, हे दृश्य ग्रामीण विदर्भास नवे राहिलेले नाही.

कॉन्व्हेंटची बस

तिसरा प्रकार सर्वांत अलीकडचा. विदर्भात कोणत्याही इंग्रजी बालवाडीस 'कॉन्व्हेंट' म्हणण्याची रीत आहे, मग तिचा कोणत्याही मठाशी संबंध असो वा नसो. नव्वदीच्या दशकानंतर हे लोण शहरांतून तालुक्याच्या गावी आले. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने अशा शाळांना रीतसर वाट मोकळी झाली. त्यांना शासनाचे वेतन अनुदान नाही. सारा डोलारा पालकांच्या शुल्कावर उभा असतो.

पालक या शाळेकडे का वळतात याची कारणे समजून घेतली पाहिजेत. प्रत्येक वर्गास स्वतंत्र शिक्षक असतो, मूल रोज वेळेवर जाते-येते, प्रगतीचा कागद नियमित हाती पडतो आणि इंग्रजीची भीती मोडेल अशी आशा वाटते. यात केवळ प्रतिष्ठेचा मोह पाहणे अन्यायाचे ठरेल. शेतीवर भरवसा उरला नाही म्हणून मुलास शेतीबाहेर काढण्याची ती धडपड आहे. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी विशेष मदत योजना जाहीर केली, त्यांत वर्धा जिल्हा होता. तेव्हा शेतकरी कुटुंबाच्या मनातील ही घाई कोठून आली हे वेगळे सांगावयास नको.

परंतु ज्या शाळेचे शुल्क कापसाच्या भावावर अवलंबून असते, तेथील मुलाचे शिक्षणही कापसाच्या भावावर अवलंबून राहते. ग्रामीण भारतातील शाळांची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालांत याचे प्रत्यंतर येते. सहा ते चौदा वयोगटातील शासकीय शाळांत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ साली ६५.६ टक्के होते. करोनाच्या संकटानंतर, २०२२ साली, ते ७२.९ टक्के झाले आणि २०२४ साली पुन्हा ६६.८ टक्क्यांवर आले. हात आखडला की सरकारी शाळा, हात सैल झाला की खाजगी शाळा, असे हे येणे-जाणे आहे. पडत्या काळात जी शाळा दार उघडे ठेवून उभी होती, तिचे मोल चढत्या काळात विसरले जाते.

तुलना कशाची?

निकालांच्या टक्केवारीवरून शाळा तोलणे सोपे असते. पण त्या काट्यात मोठी खोट आहे. ज्या घरात पुस्तक आहे, शिकवणी लावण्याची ऐपत आहे आणि आई-वडील स्वतः शिकलेले आहेत, त्या घरातील मूल कोठेही बसले तरी बरे गुण मिळविते. अशी मुले एका शाळेत गोळा झाली की त्या शाळेचा निकाल चांगला लागतो. त्यात शाळेचे कर्तृत्व किती आणि घराचे किती, हे निकालपत्रावरून कळत नाही.

याचा शोध घेणारा एक मोठा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन या अभ्यासकांनी पाच जिल्ह्यांतील १८० गावांत चिठ्ठ्या टाकून सरकारी शाळांतील काही मुलांना खाजगी शाळेत शिकण्याचा खर्च दिला आणि चार वर्षे त्यांची प्रगती पाहिली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेलुगू आणि गणित या विषयांत खाजगी शाळेत गेलेली मुले व न गेलेली मुले यांत फरक आढळला नाही. हिंदी विषयात मात्र खाजगी शाळेतील मुले पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळेत तो विषय शिकविलाच जात नव्हता. दुसरी बाजूही त्याच अभ्यासाने दाखविली: खाजगी शाळांचा दरडोई खर्च सरकारी शाळेच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता आणि मातृभाषा व गणितास कमी वेळ देऊनही त्यांनी तेवढेच साधले होते. हा निष्कर्ष दोन्ही पक्षांना अंतर्मुख करणारा आहे. खाजगी शाळा म्हणजे आपोआप अधिक ज्ञान, हा समज त्याने खोटा ठरविला. आणि अधिक वेतन व अधिक खर्च असूनही सरकारी शाळा पुढे का जात नाही, हा प्रश्नही त्याने उभा केला.

याच जिल्ह्यातील आणखी एक सरकारी शाळा या तुलनेत उपयोगी पडते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालये निघाली. वर्धा जिल्ह्याचे नवोदय सेलू काटे येथे आहे. निवासी, मोफत आणि पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव, अशी तेथील व्यवस्था आहे. तिचा लौकिक सर्वत्र आहे. परंतु ती ऐंशी मुलांना प्रवेशपरीक्षेने निवडून घेते. साधने, शिक्षक आणि देखरेख मिळाल्यास सरकारी शाळाही उत्तम होऊ शकते हे नवोदयाने सिद्ध केले. पण निवडीने घेतलेल्या ऐंशी मुलांची तुलना गावातील सर्व मुलांना घेणाऱ्या शाळेशी होऊ शकत नाही.

येथेच तुलनेचे खरे माप सापडते. कॉन्व्हेंट शुल्काने निवड करते, नवोदय परीक्षेने करते, विद्यालयही काही प्रमाणात अंतराने आणि तुकडीच्या मर्यादेने करते. जिल्हा परिषदेची शाळा मात्र निवड करीत नाही. ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर गेलेल्या मजुराचे अर्ध्या वर्षात परतलेले मूल, दिव्यांग मूल, जिच्या आईला सही येत नाही अशी मुलगी, यांपैकी कोणासही ती दारातून परत पाठवू शकत नाही. म्हणून शाळेस दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तिने किती मुलांना उत्तम शिकविले, हा पहिला. आणि कोणाला नाकारले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नावर जिल्हा परिषदेच्या शाळेला बरेच काही सुधारावयाचे आहे. दुसऱ्या प्रश्नावर इतर शाळांनी तिच्याकडून शिकावे.

जैन समाज आणि सर्वांची शाळा

या स्मरणिकेच्या वाचकांस हा दुसरा प्रश्न परका नाही. ज्ञानदान, म्हणजे शास्त्रदान, हे जैन परंपरेने चार दानांपैकी एक मानले आहे. विसाव्या शतकात त्यास संस्थात्मक रूप मिळाले. विदर्भातच कारंजा (लाड) येथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला. त्याचे प्रवर्तक पुढे समंतभद्र महाराज म्हणून ओळखले गेले आणि त्यांच्या प्रेरणेने कुंभोज-बाहुबली येथे व अन्यत्र गुरुकुले उभी राहिली.

त्याच कुंभोजात २२ सप्टेंबर १८८७ रोजी एका जैन कुटुंबात भाऊराव पाटील यांचा जन्म झाला. कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात ते विद्यार्थी असताना अस्पृश्य मुलांसाठी काढलेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास गेले आणि परत आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना वसतिगृह सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत आहे. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यास काढलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवत. १९२७ साली महात्मा गांधींनी त्या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव दिले. समाजाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागलेल्या या मुलाने सर्व समाजांचे वसतिगृह काढले. कर्मवीरांचे जैनत्व यामुळे उणे झाले, असे आज कोणीही म्हणणार नाही.

या इतिहासाचा आजच्या कायद्याशी जवळचा संबंध आहे. २७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैन समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. त्याच वर्षी ६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू होत नाही असा निर्णय दिला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने या निर्णयाचा फेरविचार व्हावा असे मत नोंदवून तो प्रश्न सरन्यायाधीशांकडे सोपविला. तो कसाही सुटो. दुर्बल घटकांतील मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखून ठेवण्यातून मिळालेली सूट हा कायद्याचा विषय आहे. मिळालेली सूट वापरावी की आपण होऊन दार उघडावे, याचा निर्णय मात्र प्रत्येक संस्थेच्या विश्वस्तांच्या विवेकावर आहे.

आजचा प्रश्न

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचे दाखले त्यासाठी देण्यात आले. कमी मुले, कमी शिक्षक आणि नीरस वातावरण यांतून सुटका होऊन मुलांस ग्रंथालय, प्रयोगशाळा व सवंगडी मिळतील, हा त्यामागील युक्तिवाद निराधार नाही. पण पावसाळ्यात नाला भरला, वाहन आले नाही, की प्रथम कोणाचे शिक्षण थांबते, हे ग्रामीण भागात राहणारा प्रत्येक जण जाणतो. थोरल्या भावासाठी वाहनाची सोय होते. धाकटी बहीण घरी राहते.

त्याच महिन्यात शासनाने शाळा दत्तक योजनाही जाहीर केली. तीत दात्याने रोख रकमेऐवजी वस्तू व सेवा द्याव्यात आणि ठराविक मूल्याच्या देणगीबद्दल दात्याचे नाव काही वर्षे शाळेस जोडता यावे, अशी तरतूद होती. नावाच्या प्रश्नावर वाद झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी आणखी एक अधिसूचना निघाली. शासकीय किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खाजगी शाळेस पंचवीस टक्के प्रवेशातून सूट देणारी ती होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. या तिन्ही घटनांचा रोख एकाच प्रश्नाकडे आहे: ज्याला पैसे मोजता येत नाहीत, त्याच्या मुलाची शाळा ही कोणाची जबाबदारी?

समुद्रपूरसारख्या गावी या प्रश्नाचे उत्तर केवळ शासन देऊ शकत नाही. कोठारी आयोगाने १९६६ साली परिसरशाळेची कल्पना मांडली होती: एका वस्तीतील सर्व मुलांनी, श्रीमंत-गरीब असा भेद न करता, एकाच शाळेत बसावे. ती कल्पना देशाने पूर्णत्वास नेली नाही. ज्यांचा शब्द गावात चालतो अशा घरांतील मुले गावच्या शाळेतून निघून गेली आणि त्यांच्याबरोबर त्या शाळेची दखल घेणारे पालकही गेले. शिक्षक रजेवर गेला तर पंचायत समितीत जाऊन विचारणारा कोणी उरला नाही. इमारत आणि शिक्षक तेच राहिले तरी शाळा अशा रीतीने दुबळी होते. आपले मूल कोठे घालावे हा प्रत्येक कुटुंबाचा अधिकार आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. परंतु मूल दुसरीकडे घातले म्हणून गावच्या शाळेशी नाते तोडलेच पाहिजे असे नाही. तिच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीस कोणी जाते का, तेथील ग्रंथपेटी उघडते का, पाचवी झालेल्या मुली सहावीस कोठे जातात, हे विचारण्यास देणगीही लागत नाही.

मालगुजाराच्या काळी गावात शाळा आहे की नाही हा प्रश्न होता. जिल्हा परिषदेने आणि लोकांच्या संस्थांनी त्याचे उत्तर दिले, त्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. तीन प्रकारच्या शाळा जवळजवळ उभ्या असणे ही त्या श्रमांचीच फलश्रुती आहे. आता पटसंख्येच्या आकड्यांत त्यांपैकी जी पहिली आणि सर्वांना घेणारी, तीच हरवू नये, एवढी दक्षता पुढील पिढीने घ्यावयाची आहे. १९३७ साली वर्ध्याच्या एका विद्यालयाने आपल्या रौप्यमहोत्सवात साऱ्या देशातील मुलांच्या शिक्षणाचा विचार केला होता. कोणत्याही संस्थेच्या महोत्सवास याहून चांगला पायंडा मिळणार नाही.